सुट्टीच्या घरातला सुका कचरा: निघायच्या वारावरून करायची आखणी

सुट्टीच्या वसाहतीत घर घेतलं किंवा हंगामभरासाठी भाड्याने घेतलं, की पाणी, वीज, चाव्या, केअरटेकर या सगळ्यांची चौकशी आपण आधीच करतो. सुक्या कचऱ्याची चौकशी मात्र बहुतेक घरांत पहिल्या मुक्कामाच्या शेवटच्या संध्याकाळी होते. गाडीत सामान भरून झालेलं असतं, दाराशी बाटल्या, डबे आणि खोक्यांच्या पिशव्या उभ्या असतात आणि कचरागाडी यायला अजून तीन दिवस असतात.

नवख्या माणसाची खरी अडचण इथे आहे. कोणत्या डब्यात काय टाकायचं हे पंधरा मिनिटांत शिकता येतं. पण गाडीचा वार आणि आपला निघायचा वार जुळत नसेल, तर कितीही नीट वेगळं केलेलं असो, ते शेवटी मिश्र कचऱ्यातच जातं. म्हणून आधी वारांचा हिशेब, मग त्याला झेपेल अशा पर्यायाची निवड आणि मग डब्यात काय टाकायचं, या क्रमाने जाऊ.

पहिली पायरी: कोण उचलतं ते विचारा

शहरात या प्रश्नाचं उत्तर सहसा एकच असतं. सुट्टीच्या वसाहतीत ते दोन-तीन ठिकाणी विखुरलेलं असतं. कुठे स्थानिक प्रशासनाची गाडी येते. कुठे घरमालकांचा संघ ठेकेदार नेमतो आणि त्याचे पैसे देखभालीच्या वर्गणीतून जातात. कुठे प्रत्येक घराने खासगी सेवेकडे स्वतः नाव नोंदवायचं असतं, आणि नोंदवलं नसेल तर गाडी तुमच्या दारावरून तशीच पुढे जाते. डोंगरातल्या आणि बेटांवरच्या कित्येक वसाहतींत घरोघरी कोणी येतच नाही. सगळं आपणच केंद्रावर नेऊन द्यायचं असतं. मिश्र कचरा एकाने उचलायचा आणि सुका दुसऱ्याने, असंही सर्रास चालतं. त्यामुळे ‘गाडी बुधवारी येते’ एवढ्यावर समाधान मानू नका. कोणती गाडी, हेही विचारा.

चौकशीसाठी सर्वांत उपयोगी माणूस म्हणजे वसाहतीत बारा महिने राहणारा शेजारी. कार्यालयातल्या कागदावर लिहिलेलं असतं ते त्याला माहीत असतंच. शिवाय गर्दीच्या आठवड्यात गाडी किती वाजता येते, जोराचा पाऊस किंवा बर्फ असला तर येते का, सार्वजनिक सुट्टीला वार पुढे ढकलला जातो का, हेही त्याच्याकडूनच कळतं. त्याला विचारायच्या गोष्टी मोजक्याच आहेत: सुक्याचा वार कोणता, हंगामात आणि हंगामाबाहेर तो बदलतो का, डबा आदल्या रात्री ठेवलेला चालतो का, काच घेतात का, आणि जवळचं संकलन केंद्र रविवारी उघडं असतं का. शेवटचा प्रश्न विसरू नका. शनिवार-रविवार येणाऱ्या माणसाची बहुतेक आखणी त्याच उत्तरावर ठरते.

मिळालेल्या यादीवरची तारीख पाहा. आधीच्या मालकाने फ्रिजवर चिकटवलेली यादी जुनी असण्याची शक्यता भरपूर असते. चीनने २०१८ साली परदेशातून येणाऱ्या टाकाऊ कागद-प्लॅस्टिकवर कडक बंधनं घातली आणि त्यात मिसळलेल्या इतर वस्तूंची मर्यादा ०.५ टक्क्यावर आणली. तोपर्यंत अनेक देशांतला माल तिकडेच जात होता. गिऱ्हाईकच गेल्यावर कितीतरी छोट्या गावांनी मिश्र प्लॅस्टिक घेणं थांबवलं, काहींनी तर घरोघरचं संकलनच बंद केलं. याद्या अशा एकाएकी बदलतात, म्हणून दर हंगामाच्या सुरुवातीला नवी यादी मागून घ्या.

दुसरी पायरी: तुमचा वार लिहून काढा

कागद घेऊन बसा. एका बाजूला गाडीचे वार लिहा, दुसऱ्या बाजूला तुम्ही येता-जाता ते वार. घराचा वापर साधारण तीनच तऱ्हांचा असतो. महिना-दोन महिने सलग राहणाऱ्यांना फारशी अडचण येत नाही. त्यांच्यासाठी ही शहरासारखीच व्यवस्था आहे. शुक्रवारी येऊन रविवारी परतणाऱ्यांना मधल्या वारचं घरोघरचं संकलन जवळजवळ निरुपयोगी असतं, निदान कोणाच्या मदतीशिवाय तरी. आणि घर पाहुण्यांना भाड्याने देणाऱ्यांचा वार दर आठवड्याला बदलतो, शिवाय वर्गीकरण करणारी माणसंही दर आठवड्याला नवी असतात. त्यांच्याविषयी पुढे वेगळं लिहिलं आहे.

तिसरी पायरी: पर्याय निवडा

*दारावरचं संकलन.* ठरलेल्या वारी डबा रस्त्याच्या कडेला ठेवायचा, गाडी रिकामा करून जाते. आपण घरात असू तर याहून सोयीचं काही नाही. पण रविवारी निघताना डबा बाहेर ठेवून द्यायचा आणि बुधवारी तो उचलला जाईल असं धरून चालायचं, हे करू नका. तीन दिवसांत वारा झाकण उघडतो, कागद भिजतो आणि जनावरं डबा आडवा करतात. शिवाय रिकामा झालेला डबा पुढचा आठवडाभर फाटकाबाहेर उभा राहिला, की घर बंद आहे ही जाहिरात होते. वसाहतीत चोऱ्यांची भीती असेल तर एवढ्या एका कारणासाठीही हा मार्ग टाळावा.

यावर दोन उपाय आहेत. काही संकलन सेवा थोडे जास्त पैसे घेऊन डबा आवारातून स्वतः बाहेर नेतात आणि रिकामा करून जागेवर आणून ठेवतात. अशी सेवा नसेल तर केअरटेकर, माळी किंवा शेजारी यांच्याशी तोच ठराव करा. ठराव स्पष्ट असू द्या: कोणत्या वारी, कोणता डबा, आणि मोबदला किती. ‘जमलं तर बघा’ यावर सोडलं, की दुसऱ्या आठवड्यापासून ते जमत नाही.

डोंगराळ भागात तिसरा उपायही दिसतो. अमेरिकेतल्या टाहो सरोवराभोवतीच्या वसाहतींत घरांसमोर रस्त्यालगत धातूच्या भक्कम पेट्या असतात. त्या बसवल्या अस्वलांसाठी, पण त्यामुळे वाराचा प्रश्नही सुटतो: कचरा कधीही पेटीत ठेवून दार लावायचं, गाडी आपल्या वारी येऊन तिथून नेते. तुमच्या वसाहतीत अशा पेटीला परवानगी असेल तर तो खर्च करण्यासारखा आहे, असं माझं मत आहे.

*सामायिक संकलन शेड.* पुष्कळ वसाहतींत प्रवेशद्वाराजवळ कुंपण घातलेली जागा असते आणि तिथे कागद, काच, डबे-बाटल्या यांचे मोठे डबे ठेवलेले असतात. कधीही या, टाका आणि जा. शनिवार-रविवारवाल्यांसाठी हा सर्वांत सोपा पर्याय आहे आणि बिघडतोही हाच सर्वांत लवकर. कसा बिघडतो ते जवळून पाहण्यासारखं आहे.

रविवारी दुपारी कोणीतरी नव्या खुर्चीचं खोकं न मोडता पुठ्ठ्याच्या डब्यात उभं करतं. आत थर्माकोल तसाच असतो. डबा अजून तीन चतुर्थांश रिकामा असतो, पण तोंडाशी खोकं अडकल्यामुळे दिसताना तो भरलेला दिसतो. पुढचा माणूस आपली खोकी डब्याशेजारी रचतो. त्यानंतरचा त्या रचलेल्या खोक्यांवर घरातल्या मिश्र कचऱ्याची पिशवी ठेवतो, कारण आता ती जागा कचरा टाकायचीच वाटू लागलेली असते. रात्री पाऊस येतो, पिशवी फुटते. सोमवारी सकाळी आलेल्या ठेकेदाराच्या माणसाला समोर दिसतो तो ओला, घाण लागलेला पुठ्ठा, आणि तो घ्यायला कोणी तयार नसतं. आतला चांगला पुठ्ठाही मग त्याच्याबरोबर जातो.

हे सगळं एका न मोडलेल्या खोक्यामुळे होतं. म्हणून शेडवर जाताना कटर जवळ ठेवा. खोक्याच्या तळाची चिकटपट्टी चिरली की ते एका झटक्यात सपाट होतं. डबा खरोखर भरलेला असेल तर शेजारी काहीही ठेवू नका. आपला माल परत घरी न्या. आणि तोंडाशी अडकलेलं दुसऱ्याचं खोकं दिसलं तर ते मोडून आत सारा. यात अर्धं मिनिट जातं आणि त्यानंतर येणाऱ्या प्रत्येकाचा माल वाचतो. संघाच्या बैठकीला जात असाल तर दोन गोष्टींचा आग्रह धरा: शेडवर छप्पर असावं, आणि लांब सुट्टीनंतरच्या दिवशी एक जादा फेरी ठरवावी.

*केंद्रावर स्वतः नेऊन देणं.* यात पेट्रोल आणि वेळ जातो, पण मालाची प्रत सगळ्यांत चांगली राहते, कारण तिथे सहसा देखरेखीला माणूस असतो आणि चुकीची वस्तू तो जागेवरच परत देतो. जपानच्या शिकोकू बेटावरचं कामिकात्सु हे डोंगरातलं छोटं गाव पूर्णपणे या पद्धतीवर चालतं. तिथे कचऱ्याची गाडीच नाही. २००३ साली गावाने शून्य कचऱ्याचं ध्येय जाहीर केलं आणि रहिवासी आपला कचरा केंद्रावर आणून चाळीसहून जास्त प्रकारांत वेगळा करतात. तुमच्या केंद्रावर एवढे प्रकार नसतील, चार-पाच असतील. पण तिथे पहिल्यांदा जाल तेव्हा घाई नसलेल्या वेळी जा आणि तिथल्या माणसाला सगळं विचारून घ्या. एकदा विचारलेलं पुढची कित्येक वर्षं पुरतं.

फक्त दोन बाटल्यांसाठी वेगळी फेरी मारू नका. केंद्र परतीच्या वाटेवर असेल तर निघतानाच माल गाडीत घ्या. उलट्या दिशेला असेल तर कोरडा माल साठवून महिन्यातून एकदा न्या.

*अनामत परत मिळणाऱ्या बाटल्या आणि कॅन.* जर्मनी, नॉर्वे, अमेरिकेतली काही राज्यं अशा ठिकाणी पेयाच्या बाटलीवर अनामत घेतात आणि रिकामी बाटली परत केली की ती देतात. ऑरेगन राज्यात ही पद्धत १९७१ च्या कायद्याने आली. जर्मनीत एकदाच वापरायच्या बाटल्या-कॅनवर ती २००३ पासून आहे. जर्मनी आणि नॉर्वेमध्ये ९० टक्क्यांहून जास्त बाटल्या परत येतात. तुमच्या भागात ही सोय असेल तर त्या बाटल्या वेगळ्या पिशवीत ठेवा आणि मुळीच चेपू नका, कारण यंत्र बारकोड वाचतं आणि आकारही तपासतं. वेष्टण फाडलेली किंवा चपटी झालेली बाटली ते परत बाहेर ढकलतं.

*भंगार घेणारे.* धातू, रद्दी आणि पुठ्ठा घेणारी माणसं जवळपास असतील तर त्यांना बोलवा. मोडलेली लोखंडी खाट, जुना गिझर, पत्र्याची टाकी यांसाठी तर हाच उत्तम मार्ग आहे.

*परत घरी नेणं.* इतर काही जुळत नसेल तर हा पर्याय आहेच. धुतलेले कॅन आणि सपाट केलेला पुठ्ठा गाडीच्या डिकीच्या कोपऱ्यात मावतो. मात्र घरच्या शहरात तो प्रकार घेतात ना, एवढं पाहून घ्या. आणि वाटेतल्या पेट्रोल पंपावरच्या किंवा दुसऱ्या गावच्या डब्यांत घरातला साठा ओतू नका. ते डबे वाटसरूंसाठी असतात आणि ते भरून वाहू लागले की त्रास गावाला होतो.

चौथी पायरी: मधल्या दिवसांची साठवण

सुट्टीच्या घरात माल दोन-तीन आठवडेही पडून राहू शकतो. तेवढा काळ तो टिकायला हवा असेल तर नियम एकच: कोरडा आणि रिकामा.

पत्र्याचा डबा घ्या. चमच्याने तळ खरवडून घ्या, भांडी धुऊन झालेल्या पाण्यातच तो विसळा आणि उपडा ठेवा. कापलेलं झाकण आत सोडा आणि डब्याचं तोंड किंचित दाबा, म्हणजे धारदार कड कोणाच्या हाताला लागणार नाही. हा डबा महिनाभर कोपऱ्यात राहिला तरी वास येत नाही. तोच डबा तळाशी चमचाभर रस्सा ठेवून पिशवीत टाकला, तर तिसऱ्या दिवशी मुंग्या आणि आठव्या दिवशी उंदीर. घासूनपुसून चकचकीत करायची गरज नाही. पाण्याची टंचाई असलेल्या जागी तर मुळीच नाही. रिकामा आणि ओघळ न येणारा, एवढा स्वच्छ असला की पुरे.

जागा निवडताना ऊन, पाऊस आणि जनावरं या तिन्हींचा विचार करा. बंद होणारं गॅरेज किंवा जिन्याखालची खोली उत्तम. बाहेरच ठेवायचं असेल तर कडीचं झाकण असलेला डबा घ्या आणि तो भिंतीला बांधा. अस्वलं असलेल्या भागात बाजारातल्या ‘मजबूत’ डब्यांवर भरवसा ठेवू नका, चाचणी झालेला डबाच घ्या. अमेरिकेत वेस्ट यलोस्टोन इथे प्राणी केंद्रातल्या खऱ्या अस्वलांपुढे असे डबे ठेवून पाहतात, आणि अस्वलाच्या ६० मिनिटांच्या झटापटीत जो टिकतो तोच पास होतो. अस्वल एकदा डब्याला सोकावलं की त्याला माणसांची भीती उरत नाही आणि बऱ्याचदा शेवटी जीव त्याचाच जातो. माकडं, कोल्हे, भटकी कुत्री यांच्या बाबतीत गोष्ट इतकी टोकाला जात नसली, तरी उघडा डबा त्यांना वस्तीत ओढून आणतोच.

ओला कचरा मात्र कोणत्याही परिस्थितीत साठवू नका. आवारात कंपोस्टचा खड्डा किंवा घट्ट झाकणाचं पिंप असेल तर त्यात टाका, नसेल तर निघायच्या दिवशी तो मिश्र कचऱ्याच्या ठिकाणी देऊन या. सुक्या मालाचं खरं नुकसान ओल्यामुळेच होतं.

पाचवी पायरी: डब्यात काय टाकायचं

आधी तुमची योजना कोणत्या पद्धतीची आहे ते पाहा. काही ठिकाणी सगळा सुका माल एकाच डब्यात घेतात आणि वर्गीकरण केंद्रात यंत्रांनी वेगळा करतात. काही ठिकाणी कागद, काच आणि डबे आधीच वेगळे मागतात. याचा परिणाम तुमच्या हातांवर होतो. सगळं एकत्र घेणाऱ्या केंद्रात सपाट वस्तू कागद समजून एका पट्ट्यावर जातात आणि फुगीर वस्तू दुसऱ्या. तिथे पायाखाली पूर्ण चपटी केलेली बाटली कागदात जाऊन बसते. म्हणून अशा योजनेत बाटल्या आपल्या आकारात राहू द्या आणि बूच लावून द्या. वेगळं मागणाऱ्या योजनेत चेपायला हरकत नसते.

जवळजवळ सगळीकडे चालणाऱ्या गोष्टी कमीच आहेत: स्वच्छ कागद आणि पुठ्ठा, ॲल्युमिनियमचे कॅन, पत्र्याचे डबे, पेय किंवा साबणाच्या प्लॅस्टिकच्या बाटल्या. यांतही वेळ कमी असेल तर कॅन आधी वाचवा. खनिजापासून नवं ॲल्युमिनियम बनवण्याच्या तुलनेत जुनं वितळवून वापरल्याने सुमारे ९५ टक्के ऊर्जा वाचते. कागदाचे तंतू दर फेरीत आखूड होत जातात आणि पाच ते सात फेऱ्यांनंतर निकामी होतात; धातूचं आणि काचेचं तसं होत नाही.

प्लॅस्टिकवरचा बाणांचा त्रिकोण पाहून फसू नका. आतला १ ते ७ हा आकडा प्लॅस्टिकचा प्रकार सांगतो, तुमच्या गावात ते घेतात की नाही हे सांगत नाही. ही पद्धत अमेरिकेतल्या प्लॅस्टिक उद्योगाच्या संघटनेने १९८८ मध्ये आणली. बाणांमुळे लोकांचा गैरसमज होतो हे लक्षात आल्यावर २०१३ मध्ये मानकात बाणांऐवजी साधा भरीव त्रिकोण आला, पण जुने साचे अजून सगळीकडे आहेत. व्यवहारात १ आणि २ आकड्यांच्या बाटल्यांना चांगलं गिऱ्हाईक असतं, ५ ला काही ठिकाणी, आणि ३, ६, ७ ला क्वचितच. काळं प्लॅस्टिक तर आकडा कोणताही असो, बहुतेक केंद्रांत वाया जातं, कारण काजळीचा रंग किरण शोषून घेतो आणि वर्गीकरणाच्या यंत्राला ती वस्तू दिसतच नाही.

काच म्हणजे बाटल्या आणि बरण्या. फुटलेला पेला, आरसा, खिडकीची काच किंवा ओव्हनमध्ये चालणारं भांडं यांत टाकू नका. त्यांची घडण आणि वितळण्याचं तापमान वेगळं असतं आणि त्यांचा छोटा तुकडाही नव्या बाटलीत दोष निर्माण करू शकतो.

पातळ प्लॅस्टिकच्या पिशव्या सुक्या डब्यात टाकायच्या नाहीत आणि माल पिशवीत बांधूनही द्यायचा नाही. केंद्रातल्या फिरत्या चकत्यांभोवती त्या गुंडाळल्या जातात. मग यंत्र बंद करायचं आणि माणसांनी आत उतरून सुरीने त्या कापून काढायच्या. ज्या योजनेत ठरावीक रंगाच्या पिशवीतच माल मागतात तिथेच पिशवी वापरा.

सुट्टीच्या घरांत काही वस्तू खास असतात आणि त्या घोळ घालतात. मासेमारीची दोरी पिशवीसारखीच यंत्रात गुंतते. फाटलेली हवेची खेळणी आणि तरंगत्या गाद्या यांना सहसा कोणी घेत नाही. तंबूतल्या शेगडीचे गॅसचे छोटे डबे रिकामे वाटले तरी दाबाखाली असतात. आणि सेल: खेळण्यातला, दिव्यातला, ड्रोनचा, जुन्या फोनचा. लिथियमचा सेल कचरागाडीच्या दाबयंत्रात चिरडला की पेट घेतो. गाड्यांना आणि केंद्रांना लागणाऱ्या आगींमागे हे एक मोठं कारण आहे. सेलच्या टोकांना चिकटपट्टी लावा, काचेच्या बरणीत साठवा आणि बॅटरी घेणाऱ्या ठिकाणीच द्या. या एका बाबतीत मी कोणतीच सवलत देणार नाही, कारण गाडीवर माणसं असतात.

खात्री नसेल ती वस्तू मिश्र कचऱ्यात टाका. चांगल्या हेतूने ‘घेतीलच’ म्हणून टाकलेली एक घाण वस्तू आजूबाजूच्या स्वच्छ कागदालाही घेऊन जाते.

सहावी पायरी: घर पाहुण्यांना देत असाल तर

पाहुण्यांना आपल्या गावचे रंग पाठ असतात, तुमच्या वसाहतीचे नाही. ऑस्ट्रेलियात पुष्कळ ठिकाणी पिवळ्या झाकणाच्या डब्यात कागद, काच, डबे सगळं एकत्र जातं. जर्मनीत पिवळ्या डब्यात फक्त पॅकिंग जातं आणि कागदाला निळा डबा असतो. दोघेही तुमच्या घरात आले तर दोघेही आपापल्या परीने बरोबर टाकतील आणि तुमचा डबा बिघडेल. म्हणून रंगावर विसंबू नका, डब्यावर वस्तूंची चित्रं लावा. तुमच्या स्वयंपाकघरात खरोखर निघणाऱ्या पाच-सहा वस्तूंचे फोटो काढून छापले तरी काम होतं.

सुक्याचा डबा आणि मिश्र कचऱ्याचा डबा शेजारी-शेजारी ठेवा. सुक्याचा डबा दूर व्हरांड्यात आणि मिश्रचा ओट्याखाली असेल, तर सगळं ओट्याखालीच जाणार. सूचना एका पानाच्या आत संपवा आणि निघताना काय करायचं ते एकाच वाक्यात सांगा: ‘सुका डबा गॅरेजमध्ये ठेवा, बाकी आम्ही बघू.’ पाहुण्यांना केंद्राचा रस्ता शोधायला लावू नका. शेवटची नजर टाकायचं काम साफसफाई करणाऱ्या बाईंकडे किंवा केअरटेकरकडे द्या आणि त्या जादा वेळेचे पैसे त्यांना वेगळे द्या. दुसऱ्याचा कचरा निवडणं हे काम आहे. ते झाडू-पोछ्यात धरून टाकणं योग्य नाही. हातमोजेही तुम्हीच आणून ठेवा.

सातवी पायरी: निघायचा दिवस

खरी तयारी आदल्या संध्याकाळी होते. फ्रिज रिकामा करायला घ्या, बरण्या-बाटल्या विसळून उपड्या घाला, म्हणजे सकाळपर्यंत सुकतात. खोकी मोडून एकात एक घालून बांधा. अर्धवट भरलेली पेयं ओतून टाका. भरलेली बाटली सुक्या डब्यात गेली तर वर्गीकरणात ती जड म्हणून बाजूला पडते किंवा फुटून सगळं ओलं करते.

सकाळी बिछाने आवरायच्या आधी शेडवर किंवा केंद्रावर एक फेरी मारून या. शेवटच्या तासावर ठेवलं की ते राहतंच, आणि दुपारी शेडवर गर्दीही असते. त्यानंतर उरेल तो नाश्त्याचा थोडासा माल. तो गॅरेजमधल्या डब्यात राहू द्या किंवा बरोबर न्या. डब्याचं झाकण लावा आणि ज्याच्याशी ठराव झाला आहे त्याला ‘आम्ही निघालो, डबा अमुक जागी आहे’ असा निरोप पाठवा.

हंगामाचं घर दीर्घकाळ बंद करणार असाल तर डबे धुऊन, पूर्ण सुकवून आत घ्या, खासगी सेवा त्या महिन्यांपुरती थांबवता येते का विचारा आणि पुन्हा सुरू करण्याची तारीख त्याच वेळी लिहून द्या. पुष्कळ सेवांना आधी कळवावं लागतं. आल्या दिवशी फोन केला तर पहिला आठवडा हातचा जातो.

आणि डबा न उचलता तसाच राहिला, तर केअरटेकरला आधी त्यावरची चिठ्ठी बघायला सांगा. अनेक ठिकाणी गाडीवरची माणसं नाकारलेल्या डब्यावर कारणाची पट्टी लावून जातात: ओला कागद, पिशवी, चुकीचा वार. पट्टीचा आणि उघड्या डब्याचा फोटो मागवून घ्या. चूक वाराची असेल तर काहीच करायचं नाही, डबा आत घ्यायचा. वस्तूची असेल तर ती तेवढी काढून उरलेलं पुढच्या वारी पुन्हा ठेवायला सांगा, आणि त्या वस्तूचं चित्र ओट्याखालच्या मिश्र डब्यावर लावा.